उतरणारी रेघ

संशोधक विद्यार्थी म्हणून उमेदवारी करीत असता ज्या नमुन्यापायी माझे सात महिने खर्ची पडले, तो मसुराच्या दाण्याएवढाही नव्हता. परंतु त्याच्या अंतरंगात ॲल्युमिनियम-मिश्रित गॅलियम आर्सेनाइडचे दोन अतिसूक्ष्म अडसर आणि त्या दोहोंमध्ये शुद्ध गॅलियम आर्सेनाइडची 5 नॅनोमीटर रुंदीची, म्हणजे सुमारे 18 अणुस्तरांची, विहीर होती, आणि हे सारे निर्वात पात्रात सेकंदाला साधारण एक स्तर अशा धिम्या गतीने रचलेले होते.

अडसर ओलांडण्याइतकी ऊर्जा नसतानाही इलेक्ट्रॉन आपल्या तरंगस्वभावामुळे त्यातून क्वचित पार होतो, हे मी पुस्तकात वाचले होते. तथापि त्याची ऊर्जा विहिरीतील मुक्रर पातळीशी जुळली, तर दोन्ही अडसरांवरून परतणारे तरंग एकमेकांना निष्प्रभ करतात आणि वाट जवळजवळ मोकळी होते, हे गणित मला पटले असले तरी उमगले नव्हते. ज्या 1973 साली लिओ एसाकींना नोबेल पारितोषिक मिळाले, त्याच साली त्यांनी राफाएल त्सू यांच्यासह हे भाकीत मांडले, आणि पुढच्याच वर्षी लेरॉय चँग यांच्या सहकार्याने ते प्रयोगाने पडताळून दाखविले.

माझे पहिले दोन नमुने वाया गेले. सोने-जर्मेनियमचे जोड भट्टीत मी प्रमाणाबाहेर तापविल्यामुळे धातू खाली झिरपून अडसरांच्या पार गेला, आणि आलेखकाच्या लेखणीने साध्या तारेची काढावी तशी सरळ रेघ काढली. नोंदवहीत तो तपशील लिहिताना हात जड झाला होता.

तिसरा नमुना मी रात्री द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर, सोडला. विद्युत्दाब हळूहळू वाढवीत गेलो तशी रेघ चढत गेली, आणि मग, दाब वाढतच असताना, ती उतरू लागली! विहिरीतील पातळी आता इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेखाली सरकली होती आणि वाट मिटली होती. उतरणीवर रेघ सलग न राहता मधेच झेप घेत होती, कारण तेथे परिपथच आंदोलित होतो; ही थरथर मला निर्दोष वक्रापेक्षा अधिक विश्वसनीय वाटली.

सर शेजारी उभे होते. ते एवढेच म्हणाले, "आता ध्रुव उलटे करून बघा." रचना दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने उलट दिशेलाही तोच चढ आणि तोच उतार आला.

ते घरी गेल्यावर मी नमुना द्रवाबाहेर काढला. तो जसजसा तापू लागला, तसतसे उष्णतेने ऊर्जा लाभलेले इलेक्ट्रॉन अडसरावरूनच जाऊ लागले आणि रेघेतील दरी भरून येऊ लागली. ती पुरती बुजण्यापूर्वीच मी नमुना पुन्हा बुडविला आणि रेघ पुन्हा उतरेपर्यंत लेखणीवरून दृष्टी हलविली नाही.