विम्याविना एडीएचडीचे औषध

अमेरिकेत विमा नसलेल्या प्रौढाला एडीएचडीच्या उपचारात गोळ्यांपेक्षा गोळ्यांची चिठ्ठी महाग पडते. रिटालिनमधले मिथाइलफेनिडेट आणि अ‍ॅडरॉलमधले अ‍ॅम्फेटामाइनचे क्षार जेनेरिक स्वरूपात कित्येक वर्षे मिळत आहेत, आणि दिवसातून दोन-तीनदा घ्यायची साधी गोळी तर स्वस्तच असते. पण १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्यात ही दोन्ही उत्तेजक औषधे दुसऱ्या अनुसूचीत येतात, त्यामुळे एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध मिळत नाही. दर खेपेला नवी चिठ्ठी लागते आणि चिठ्ठीसाठी डॉक्टर लागतो. न्यू जर्सीत नोकरीबरोबर विमाही गेला तेव्हा प्रस्तुत लेखकाचा शोध म्हणूनच डॉक्टरपासून सुरू झाला.

नोकरी सुटली तरी जुना विमा चालू ठेवण्याची सोय कोब्रा या कायद्याने असते. मात्र मालक भरत होता तो वाटाही स्वतःच भरावा लागतो, वर २ टक्क्यांपर्यंत आकार. निर्णय घ्यायला किमान ६० दिवस मिळतात, आणि त्या मुदतीत होकार देऊन मागचे हप्ते भरले की विमा मागील तारखेपासून लागू होतो. लेखकाने त्यासाठीचा अर्ज न भरता कपाटात ठेवला. मोठे दुखणे आले असते तर तो उपयोगी पडला असता. महिन्याच्या गोळ्यांसाठी तेवढा हप्ता भरणे परवडणारे नव्हते.

निदान आधी झालेले असेल तर ते पुन्हा विकत घ्यायचे कारण नाही. आपली वैद्यकीय कागदपत्रे मागण्याचा हक्क रुग्णाला कायद्याने आहे, आणि ती हातात असली की नवा डॉक्टर बहुधा तिथून पुढे चालतो. पहिल्यांदाच तपासणी होत असेल, तर महागड्या मानसशास्त्रीय चाचण्यांची मालिका अनिवार्य नसते. निदान मुख्यतः मुलाखतीवर होते: प्रौढात किमान पाच लक्षणे आणि त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासूनची. बालपणाचा पुरावा महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाकडे असतोच. शाळेच्या प्रगतिपुस्तकातला ‘हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते’ हा शेरा लेखकाच्या बहिणीने फोटो काढून पाठवला आणि डॉक्टरांनी तो आवर्जून नोंदवून घेतला. चाचणी लागलीच, तर विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांची प्रशिक्षण केंद्रे ती खाजगी दवाखान्यांपेक्षा बरीच स्वस्तात करतात.

डॉक्टरच्या फीवर सर्वांत खात्रीचा उतारा म्हणजे केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे. तिथली फी उत्पन्नाप्रमाणे ठरते: दारिद्र्यरेषेच्या आत असलेल्यांना नाममात्र, रेषेच्या दुपटीपर्यंत सवलतीची. विमा नाही म्हणून कोणाला परत पाठवत नाहीत. लेखकाकडून नोकरी गेल्याचे पत्र आणि बँकेचे उतारे मागितले गेले. अडचण निराळीच असते: या केंद्रांतले सगळेच डॉक्टर प्रौढांना उत्तेजक औषधे लिहून देत नाहीत. वेळ ठरवण्याआधी फोनवर हा एक प्रश्न स्पष्ट विचारला की एक फी वाचते. रक्तदाब आणि नाडी तपासली जाते, काही ठिकाणी लघवीची तपासणीही होते. त्यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही.

खर्च खऱ्या अर्थाने कमी करणारी तरतूद फारशी कोणी सांगत नाही. २००७ पासून डॉक्टर एकाच भेटीत, औषध कोणत्या तारखेआधी देऊ नये ते लिहून, ९० दिवसांपर्यंतच्या चिठ्ठ्या देऊ शकतो. प्रकृती स्थिर असेल तर महिन्याची भेट तीन महिन्यांवर जाते. डॉक्टर आपणहून हे सुचवेलच असे नाही, मागावे लागते. घरबसल्या व्हिडिओवर उपचार देणाऱ्या कंपन्यांची मासिक वर्गणी आकर्षक दिसते, पण गोळ्यांचे पैसे त्यात सहसा नसतात, आणि वर्षाचा हिशेब केल्यावर लेखकाला आरोग्य केंद्रच स्वस्त पडले.

अटोमॉक्सेटीन हे एडीएचडीवरचे आणखी एक औषध उत्तेजक नाही आणि नियंत्रितही नाही. एकाच चिठ्ठीवर ते पुन्हा पुन्हा घेता येते, २०१७ पासून जेनेरिक मिळते आणि टपालानेही येते. गुण यायला मात्र काही आठवडे लागतात, आणि सर्वांना ते लागू पडत नाही.

भावाच्या बाबतीत दुकानादुकानांत कमालीची तफावत असते. गुडआरएक्ससारखी फुकट कूपने विमा नसलेल्यांना चालतात, मात्र नियंत्रित औषधांवर काही दुकाने ती नाकारतात. सभासदांसाठीच्या कॉस्टको दुकानांच्या औषध विभागात मात्र सभासदत्व लागत नाही. दिवसभर पुरणाऱ्या कॅप्सूलऐवजी साधी गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारण्यासारखे आहे. भारतातून कोणाकरवी गोळ्या टपालाने मागवण्याचा सल्ला मराठी मंडळींत हमखास मिळतो; पण अ‍ॅडरॉल भारतात विकलेच जात नाही, आणि मिथाइलफेनिडेट टपालाने अमेरिकेत मागवणे हा गुन्हा आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये अ‍ॅडरॉलच्या टंचाईची अधिकृत घोषणा झाली, आणि त्यानंतर माल नसल्याचे उत्तर नेहमीचे झाले. पूर्वी अशा वेळी डॉक्टरकडून नवी चिठ्ठी घ्यावी लागे. ऑगस्ट २०२३ पासून, औषध अजून घेतलेले नसेल तर, इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी एकदा दुसऱ्या दुकानाकडे वळवता येते, राज्याच्या कायद्याची आडकाठी नसेल तर. वळवण्याआधी त्या दुकानात माल आणि कूपनचा भाव दोन्ही विचारून घ्यावेत, कारण ही सवलत एकदाच वापरता येते.