दुकान आप्पांचं देणं लागतं

बारावी सायन्स करून सीए फाउंडेशनकडे वळलेल्या माणसाचं पाऊल नेमकं कुठे अडतं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, भांडवलापाशी. ताळेबंदात भांडवल देण्यांच्या बाजूला लिहितात. आमच्या आप्पांचं बार्शीत किराणा दुकान आहे. पैसे त्यांचे, गाळा त्यांचा, फळीवरचा माल त्यांचा. मग हे देणं कुणाचं आणि कुणाला? क्लासमध्ये सर म्हणाले, ‘धंदा वेगळा, मालक वेगळा. दुकान मालकाचं देणं लागतं. चला, पुढचं उदाहरण.’ बाकीची मुलं पुढे गेली. अकरावी-बारावीला पुस्तपालन केलेल्यांना त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मी वहीत ‘भांडवल’ या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून तिथेच थांबले.

परीक्षेचा साचा समजायला सोपा आहे. 100 गुणांचे चार पेपर. प्रत्येकात किमान 40 हवेत आणि चारही मिळून निम्मे, म्हणजे 200. गणिताचा आणि अर्थशास्त्राचा पेपर पर्यायी उत्तरांचा. उत्तर चुकलं की पाव गुण वजा. अकाउंटिंग आणि कायदा मात्र तीन-तीन तास बसून लिहायचे, इंग्रजीत किंवा हिंदीत. सायन्समुळे गणिताची भीती मला नव्हती. माझी समजूत अशी की अकाउंटिंग म्हणजे बेरीज-वजाबाकीच. ती तर हातातला बारा आकडी कॅल्क्युलेटर करतोच. आकडा कुठे लिहायचा, कुठल्या बाजूला, कुठल्या वर्षात आणि कुणाच्या नावावर, ते मात्र तो सांगत नाही, आणि अख्खा पेपर तेवढंच विचारतो.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत माझ्या एका बाजूला एमपीएससीचा मुलगा पंचायत राज पाठ करत असतो, दुसऱ्या बाजूला मी डेबिट-क्रेडिटचे तीन नियम. व्यक्तीचं खातं असेल तर घेणाऱ्याला डेबिट, देणाऱ्याला क्रेडिट. वस्तूचं असेल तर येतं ते डेबिट, जातं ते क्रेडिट. खर्च आणि तोटे डेबिट, उत्पन्न आणि नफा क्रेडिट. नियम एका संध्याकाळीत पाठ झाले. ते लावून एन्ट्रीही बरोबर यायला लागल्या. पण ‘का’ कळत नव्हतं, आणि का ते कळल्याशिवाय पुढे जायची मला सवय नाही. फिजिक्सच्या मॅडमनी ती लावली होती, आणि इथे तीच आडवी येत होती.

गाठ सुटली ती बँकेच्या धड्यात. पैसे जमा झाले की मोबाइलवर मेसेज येतो, खातं क्रेडिट झालं. म्हणजे क्रेडिट म्हणजे आले, हे आपल्या डोक्यात पक्कं. आणि पुस्तकात तर दुकानदाराच्या कॅशबुकात बँकेतली शिल्लक डेबिटला! पासबुकात तीच रक्कम क्रेडिटला. दोन्ही बरोबर. बीआरएस म्हणजे बँक जुळवणी पत्रक करायला घेतलं की आणखी घोळ: आपण दिलेला चेक समोरच्याने अजून वटवलेला नाही, बँकेने कापलेलं शुल्क आपल्या वहीत नाही, एखाद्या गिऱ्हाइकाने परस्पर खात्यात पैसे भरलेत. प्रत्येक ओळीला मिळवायचं की वजा करायचं, याचा तक्ता क्लासमध्ये पाठ करून घेतात. तो तक्ता मी बाजूला ठेवला आणि प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारत गेले: ही वही कुणाची? पासबुक बँकेच्या वहीचा उतारा आहे. त्या वहीत आपण धनको, कारण बँक आपलं देणं लागते. म्हणून क्रेडिट. आपल्या वहीत बँक आपली ऋणको. म्हणून डेबिट.

त्या रात्री पेन्सिलीची रेघ मारलेलं पान पुन्हा काढलं. ताळेबंद दुकानाचा. वही दुकानाची. आप्पा त्या वहीत बाहेरचे. त्यांनी घातलेले पैसे दुकानाने कधीतरी परत करायचे आहेत, म्हणून ते देण्यात. सरांनी सांगितलं होतं अगदी तेच, पण आता ते माझं झालं होतं. उसाची मोळी सोडावी तशी पुढची प्रकरणं सुटी झाली. हुंडीच्या प्रकरणात एकच कागद एकाच्या वहीत येणं आणि दुसऱ्याच्या वहीत देणं असतो. दुकानातली साखर घरी आणली की ती विक्री नाही. मालकाने उचल केली, म्हणून खरेदीतून वजा आणि उचल खात्यावर, तीही खरेदीच्या भावाने. ही शिस्त फार जुनी आहे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत मांडली, आणि तिथले व्यापारी ती त्याच्याही आधीपासून वापरत होते.

माझं ठाम मत झालंय की पहिला आठवडा एकही एन्ट्री न करता फक्त ‘वही कुणाची’ यावर घालवावा. क्लासला घाई असते, पोर्शन संपवायचा असतो, हे मला कळतं. पण हा पेपर पाठांतराला दाद देत नाही. पहिल्या प्रश्नात विधानं देतात आणि चूक की बरोबर ते कारणासकट लिहायला सांगतात. ट्रायल बॅलन्स टॅली झाला म्हणजे हिशेबात चूक नाही, हे त्यातलं नेहमीचं विधान. समजा 48,000 रुपयांचा फ्रीजर मालाच्या खरेदीत टाकला. दोन्ही बाजू जुळतात, ट्रायल टॅली होतो, आणि नफा मात्र पार खोटा निघतो. तो फ्रीजर आठ वर्षं चालणार असेल, तर या वर्षाचा खर्च 6,000 रुपयांचा घसारा, पूर्ण 48,000 नव्हे. पेपरच्या आधी प्रश्नपत्रिका वाचायला 15 मिनिटं मिळतात, तेव्हा लिहिता येत नाही. मॉक टेस्टमध्ये मी त्या वेळात प्रत्येक उदाहरणात वही कुणाची आहे एवढंच शोधून ठेवते.

अपूर्ण नोंदींचं प्रकरण मी घरीच सोडवलं. आप्पांकडे रोजमेळ आहे, उधारीची वही आहे, खतावणी नाही. दिवाळीला वहीपूजन होतं, पण वर्षाचा नफा कुणी काढत नाही. ‘दुकानात काही सुटत नाही,’ हे आप्पांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय. पुस्तकातली रीत अशी: सुरुवातीचं भांडवल काढा, शेवटचं काढा, वर्षभरातली उचल शेवटच्यात मिळवा, मालकाने नव्याने घातलेले पैसे असले तर ते आणि सुरुवातीचं भांडवल वजा करा. राहील तो नफा. माल मोजून, उधारी धरून, घाऊक व्यापाऱ्यांचं देणं वजा करून सुरुवातीचं भांडवल 4,10,000 निघालं आणि शेवटचं 4,25,000. नवे पैसे घातलेले नव्हते. ‘बघ, 15,000,’ आप्पा म्हणाले.

‘उचल राहिली,’ मी म्हटलं.

उचलीची नोंद दुकानात कुठेच नव्हती. ती आईकडे होती. घरखर्चाला घेतलेली रोकड, माझी फी, खोलीचं भाडं, आणि दुकानातून घरी आलेला प्रत्येक किलो तांदूळ, डाळ, तेल, शेंगदाणे तिने दरमहा लिहून ठेवलं होतं, पाकिटावरच्या छापील किमतीने. आम्ही दोघींनी बसून ते खरेदीच्या भावात आणलं. उचल आली 3,12,000. नफा झाला 3,27,000.

आप्पांनी बेरीज स्वतः करून पाहिली. मग त्यांनी विचारलं, ‘आणि मी दिवसभर गल्ल्यावर बसतो, त्याचा पगार यात कुठंय?’ मी म्हटलं, दुकान एकट्या मालकाचं असेल तर त्याचा पगार खर्चात धरत नाहीत, तो नफ्यातच येतो. भागीदारी असती आणि करारात लिहिलं असतं, तर भागीदाराला पगार देता आला असता. ‘मग तुझ्या आईला भागीदार केलं तर?’ ते म्हणाले. भागीदारीचं प्रकरण मला आणखी एकदा करायचंच होतं. नवा भागीदार आला की नावलौकिकाचं मोल कसं ठरवायचं, तिथे मी अजून अडते. आईचं नाव घालून ते उदाहरण मी वहीत उतरवून घेतलं.