एका अंशाचा प्रश्न

‘पिच’ म्हटलं की आपल्या कॉलेजातल्या शंभरातल्या नव्वद जणांच्या डोळ्यांसमोर बावीस यार्ड येतात. माझ्या कॉन्व्हेंटमध्ये हा शब्द वेगळ्याच कारणाने कानावर पडायचा. प्रार्थना म्हणताना कुणाचा सूर घसरला की सिस्टर हार्मोनियम थांबवून म्हणायच्या, ‘‘गर्ल्स, पिच!’’ पुढे पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लेथवर आटे पाडायला लागलो तेव्हा तिसरा अर्थ समजला. एका आट्यापासून शेजारच्या आट्यापर्यंतचं अंतर म्हणजे पिच. साधा एकेरी आट्याचा बोल्ट एक फेरा फिरला की तेवढाच पुढे सरकतो. विमानाच्या पंख्याचं पिच म्हणजे हेच, फक्त हा स्क्रू लाकडात न शिरता हवेत शिरतो.

आता हा विषय कुठून सुचला असं विचाराल, तर कॅप्टन अमोल यादव यांच्यामुळे. या मराठी वैमानिकाने मुंबईत कांदिवलीला, चारकोपमधल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. होय, गच्चीवर! जिथे आपल्याकडे पापड आणि सांडगे वाळत घालतात तिथे. २०१६ च्या फेब्रुवारीत ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते विमान लोकांनी पाहिलं. त्यासाठी ते सुटं करून क्रेनने खाली उतरवावं लागलं होतं. २०१७ मध्ये त्याला व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला, आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची उड्डाण चाचणी झाली. हॉस्टेलवर शिवकर तळपदे १८९५ साली चौपाटीवर उडाले की नाही यावर रात्री दोनपर्यंत वाद चालतो. वाद घालणाऱ्यांना यादवांचं विमान मात्र ठाऊक नसतं. असो.

बातम्यांमध्ये गच्ची आली, क्रेन आली, परवानग्यांसाठी मारलेले हेलपाटे आले. मला मात्र वेगळीच उत्सुकता होती. घरी बांधलेल्या विमानात इंजिन बसलं, पंखे बसले, पुढे काय? छोट्या, दोन आसनी घरगुती विमानांमध्ये बहुतेक वेळा असा पंखा असतो की ज्याची पाती जमिनीवर, बोल्ट सैल करून फिरवता येतात. उडताना कोन बदलता येत नाही, तशी यंत्रणा महाग आणि जड असते. म्हणजे उडण्याआधी कुणीतरी हातात पाना आणि कोनमापक घेऊन विमानाच्या नाकासमोर उभं राहतं आणि ठरवतं, पंधरा अंश की सोळा?

एका अंशाने असा काय फरक पडतो? गणित करून बघू. पंख्याचा व्यास १.७३ मीटर धरा. कोन मोजायचा तो मध्यापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या पाऊण भागावर, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. त्या जागी एका फेऱ्याचा घेर ४.०८ मीटर येतो. कोन १५ अंश असेल तर पंखा एका फेऱ्यात कागदावर १.०९ मीटर पुढे जाईल, १६ अंश केला तर १.१७ मीटर. फरक फक्त आठ सेंटीमीटरचा. पण अशा विमानांत नेहमी दिसणारं शंभर अश्वशक्तीचं रोटॅक्स इंजिन ५५०० आरपीएमवर चालत असेल, तर गिअरबॉक्समधून २.४३ ने कमी होऊन पंखा सेकंदाला जवळजवळ ३८ फेरे मारतो. आठ सेंटीमीटर गुणिले अडतीस! ताशी १४८ किलोमीटरचे १५९ होतात. (हवा म्हणजे काही सागवान नव्हे, स्क्रू घसरतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे वेगळे येतात. पण फरकाचा अंदाज यावरून येतो.)

‘पाऊण भागावर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पातं पिळलेलं असतं. सगळं पातं एका फेऱ्यात सारखंच पुढे जायला हवं, पण टोकाला घेर मोठा आणि मुळाशी लहान. म्हणून वरच्याच उदाहरणात पाऊण भागावर १५ अंश असेल तर पाव भागावर जवळजवळ ३९ अंश लागतो आणि टोकाला ११ च्या आसपास. तेव्हा नुसतं ‘पंधरा अंश ठेवलंय’ म्हणण्याला काही अर्थ नाही. कुठे मोजलं ते आधी सांगा.

मग सरळ सोळा, सतरा अंश ठेवून वेग का वाढवू नये? याचं उत्तर आपल्या सांगली-कोल्हापूर रस्त्यावर हंगामात रोज दिसतं. उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर उभ्या जागेवरून निघताना खालच्या गिअरमध्ये असतो. वरच्या गिअरमध्ये निघायला गेला तर इंजिन गुरगुरून बंद पडेल. पंख्याचा कोन म्हणजे विमानाचा गिअर, आणि आपल्या या विमानाला गिअर एकच! कोन मोठा ठेवला की उभ्या विमानात इंजिनाला पंखा ओढवत नाही, आरपीएम चढत नाही, म्हणून पूर्ण ताकद मिळत नाही आणि धावपट्टी संपत आली तरी चाकं जमीन सोडत नाहीत. कोन लहान ठेवला तर विमान झटकन उचलतं, पण वर गेल्यावर इंजिन लगेच लाल रेषेला टेकतं. रोटॅक्सला ५८०० आरपीएम जास्तीत जास्त पाच मिनिटं चालतात, पुढे थ्रॉटल मागे घ्यावाच लागतो. सगळ्याला पुरून उरणारा ‘बरोबर’ कोन कुठल्याही पुस्तकात मिळत नाही. आपलं विमान कशात कमी पडलेलं चालेल, एवढंच आपण निवडतो.

हे सगळं मला नेटवरून आणि लायब्ररीतून समजलं होतं. पटलं ते मात्र कारखान्यात. दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत ट्रेनिंगला एका साखर कारखान्यात होते. हंगाम संपलेला, दुरुस्त्या चालू. कूलिंग टॉवरच्या पंख्याची पाती नव्याने बसवायची होती. विमानाच्या पंख्याचा हा थोरला भाऊच. फायबरची पाती, मध्ये हब, यू-बोल्टने आवळलेली, आणि कोन हाताने लावायचा. काम करणारे फिटर मामा साठीला टेकलेले. मी वर यायला निघाले तर त्यांनी आधी शर्टाच्या खिशातून काढून फ्यूज दाखवले.

‘‘ताई, हे बघा. हे माझ्या खिशात हायत तवरच वर जायाचं. खाली कोण बटन दाबंल ह्याचा भरवसा न्हाई.’’

विमानाच्या बाबतीत परदेशी पुस्तकं नेमकं हेच सांगतात : इग्निशन बंद, किल्ली खिशात, चाकांना अडणी, प्लगच्या वायरी काढलेल्या. पंख्याला हात लावायचा तो इंजिन आत्ता सुरू होईल असं समजूनच.

मामांनी प्रत्येक पात्यावर टोकापासून सारख्या अंतरावर खडूने रेघ मारली. मग एकेक पातं फिरवून गिअरबॉक्सच्या वर अगदी एकाच जागी आणलं आणि त्या रेघेवर पाणसळ लावलेला कोनमापक ठेवला. ‘‘प्रत्येक पातं त्याच जागी का?’’ मी विचारलं. ते म्हणाले, ‘‘शाफ्ट कुठं सरळ असतोय? वाकडा असला तर सगळ्यांस्नी सारखाच वाकडा लागू दे.’’ थिअरीत ज्याला आपण डेटम म्हणतो, ते त्यांनी एका वाक्यात उरकलं. बोल्ट थोडा आवळायचा, कोन बघायचा, पुन्हा थोडा आवळायचा. कारण आवळताना पातं किंचित सरकतंच. एका पात्याला त्यांनी पाच वेळा बोल्ट सैल केला. मी घड्याळ बघत होते, ते बघत नव्हते.

पाती एकमेकांशी जुळवण्यावर एवढा वेळ का? एक पातं बाकीच्यांपेक्षा जास्त हवा कापायला लागलं की प्रत्येक फेऱ्याला शाफ्टला एक हिसका बसतो. असा पंखा वजनाने कितीही तोललेला असला तरी थरथरतो, कारण बिघाड वजनाचा नसून हवेचा असतो. टॉवरवर गिअरबॉक्सच्या बेअरिंगचं आयुष्य त्यात जातं. विमानात तीच थरथर इंजिनाच्या बैठकीपासून वैमानिकाच्या दातांपर्यंत पोचते. म्हणून बांधणारे लोक पात्यापात्यांतला फरक अंशाच्या एक-दोन दशांशात ठेवतात. कोन स्वतः अर्धा अंश इकडेतिकडे असला तर निभावतं. तीन पात्यांत अर्ध्या अंशाचा फरक नाही निभावत.

पाणी सोडून पंखा सुरू केल्यावर मामा पंख्याकडे बघेनात, अँपिअर मीटरकडे बघत बसले. पाणी पुरेसं गार होत नाही म्हणून एका साहेबांचं म्हणणं पडलं, अजून दोन डिग्री वाढवा, चालतंय की! मीटर मोटरच्या पाटीवरच्या आकड्याला आधीच टेकलेला. मामा म्हणाले, ‘‘चालतंय न्हवं साहेब, जळतंय.’’ आणि नाही वाढवलं.

तेव्हा एक गोष्ट माझ्या डोक्यात लख्ख झाली. विजेची मोटर आपला आरपीएम जवळजवळ सोडत नाही, म्हणून कोन वाढला की ती जास्त अँपिअर खाते. पेट्रोलचं इंजिन जास्त खाऊ शकत नाही, म्हणून त्याचा आरपीएम पडतो. तिथे अँपिअर मीटर, इथे आरपीएमचा काटा. कोनमापकाने आपण पाती जुळवतो, पण कोन जमला की नाही हे शेवटी मीटरच सांगतो. म्हणूनच विमानात कोन लावून झाला की शेपटी जाडजूड दोराने बांधून, समोर कुणी नाही हे बघून, उभ्या उभ्या पूर्ण थ्रॉटल देतात आणि आकडा लिहून घेतात. मग बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासतात. त्यानंतर उड्डाण, आणि सरळ पातळीत पूर्ण थ्रॉटलला दुसरा आकडा. छोट्या इंजिनांना एका अंशामागे साधारण दोन-तीनशे आरपीएमचा फरक पडतो, तेव्हा दुसऱ्या आकड्यावरून अर्धा-पाऊण अंश कुठल्या दिशेने हलवायचा ते ठरतं. पुन्हा किल्ली खिशात, पुन्हा खडूची रेघ.

आता समजा असं विमान आपल्याकडे उजळाईवाडीच्या विमानतळावरून उडवायचं आहे. ही जागा समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ३८ ला गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण दीड हजार मीटरवर असल्यासारखं वाटतं. इंजिन अशक्त, पाती चावतात ती हवाही पातळ, पंखांनाही तीच. चेन्नईत समुद्रकाठी जानेवारीत मजेत उचलणारा कोन इथे दुपारी दोन वाजता पुरेलच असं नाही, आणि धावपट्टीच्या पलीकडे शेतं, विजेच्या तारा आणि माणसं आहेत.

माझं मत विचाराल तर मी पहिल्या उड्डाणाला लहान कोनाकडून सुरुवात करेन, वरच्या उदाहरणात चौदाच्या आसपास. आरपीएम फार चढला तर थ्रॉटल मागे घेणं वैमानिकाच्या हातात असतं. मोठ्या कोनाने धावपट्टीच्या टोकाशी आरपीएम चढलाच नाही, तर तेव्हा त्याच्या हातात काहीच उरत नाही. वेगाचं पुढच्या आठवड्यात बघता येतं. माझ्या वर्गातला एक जण म्हणतो, हा घाबरट कोन झाला. मी त्याला म्हटलं, शेजारच्या सीटवर तू बसणार असशील तर पंधरा करू. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.