जमा आणि नावे

लाल कापडी पुठ्ठ्याची, जाड दोऱ्याने शिवलेली, लांबट वही. लालबर्रा इथल्या आमच्या घरात धानाच्या कोठीशेजारच्या कोनाड्यात ती असते, घरातल्या थोरल्या बाईसारखी. जन्मली दुकानाच्या हिशेबासाठी. आयुष्य गेलं बोलण्याचा हिशेब ठेवण्यात.

आई नागपूरची. माहेरी पोवारी बोली केव्हाच मागे पडलेली. लग्न होऊन बालाघाट-सिवनी रस्त्यावरच्या या गावात आली तर घरात पोवारी, बाजारात हिंदी, अधूनमधून कानावर गोंडी. तिने दुकानातली ही कोरी वही मागून घेतली. डावीकडे 'जमा', तिथे मराठी. कारण गाठीशी तेवढीच होती. उजवीकडे 'नावे', तिथे पोवारी, कधी हिंदी-गोंडीही.

पहिल्याच पानावर: तुझं नाव काय? तोरो नाव का से? कसा आहेस? कसो सेस? माझं घर. मोरो घर. शाई विटली आहे, पण 'मोरो'खालची रेघ अजून ठसठशीत दिसते.

वही मोठी सचोटीची. न कळलेल्या जागी ती ओढूनताणून शब्द घेत नाही. 'राम राम'समोर गोंडीतलं 'सेवा जोहार' तिने मान्य केलं, कारण शब्द निराळे असले तरी दाराशी आलेल्याला मान देण्याचं काम दोघे सारखंच करतात. 'दुकान वाढवलं'समोर हिंदीतलं 'दुकान बढ़ा दी'. 'बंद' हा अभद्र शब्द तोंडातून जाऊ नये, ही काळजी दोन्हीकडची.

ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने 1904 साली पोवारीची नोंद पूर्व हिंदीच्या खंडात केली. 1 नोव्हेंबर 1956 ला पोवारीचा मुलूख विभागला: भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. वहीच्या पानावर मात्र मराठी आणि पोवारी एका रेघेच्या अंतरावर, मांडीला मांडी लावून बसल्या.

एक बाकी मात्र फिटेना. 'आम्ही' आणि 'आपण' या दोन्हींना शाळेच्या हिंदीत एकच 'हम'. ऐकणाऱ्याला त्यात धरलं आहे की वगळलं आहे, ते 'हम' सांगत नाही. नव्या सुनेला तर तेवढंच जाणून घ्यायचं असतं. आईने 'आपण'समोरची जागा कोरी ठेवली, आणि दर नव्या पानाच्या माथ्यावर लिहीत गेली: मागील पानावरून पुढे, आपण. अशी चार पानं.

पाचव्या पानावर शाई वेगळी आहे. आठवडी बाजाराला निघालेल्या शेजारच्या चाची दाराशी थांबल्या आणि आईला म्हणाल्या, "चलो, अपन साथ चलते हैं." मध्य प्रदेशच्या बोलत्या हिंदीतला हा 'अपन' आईच्या शालेय पुस्तकात नव्हता. हातातली पिशवी तिथेच ठेवून ती आत गेली, 'अपन' लिहिलं, आणि खातं मिटल्यावर ओढतात तशा खाली दोन आडव्या रेघा ओढल्या. मग बाजाराला गेली.

लक्ष्मीपूजनाला आजही दुकानाच्या नव्या वहीबरोबर ही जुनी पाटावर बसते. यंदा हळदकुंकू वाहून झाल्यावर माझ्या मुलीने ती उघडली. तिला मराठी येते, हिंदी येते, 'कसो सेस?' म्हटलं की उत्तर मात्र अडतं. तिने कोरं पान काढलं, आजीला शेजारी बसवलं आणि सदरं बदलली. मराठी गेली नावे बाजूला. पोवारी जमा होऊ लागली.