झेंडा पडेपर्यंत

सांगोला तालुक्यातल्या बैलगाडी शर्यतीच्या मैदानाला जायचं तर अख्खा दिवस तिकडंच जातो, हे मामांनी आधीच बजावलं होतं. धाव अर्ध्या मिनिटाच्या आत उरकते. बाकी नुसतं थांबणं. पिकअपमधून बैल उतरवा, पाणी दाखवा, जनावरांच्या डॉक्टरचा दाखला द्या, चिठ्ठीत गट आणि तास (पळायची चाकोरी) क्रमांक निघाला की पुन्हा लिंबाखाली बसा.

मामांचा बैल एकच. कोसा खिलार, सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात खोंड असताना घेतलेला. जोडीचा दुसऱ्या मालकाचा. असा पैरा करताना एकाचा खांदा उजवा, दुसऱ्याचा डावा लागतो, शिवाय पळ सारखा लागतो. मामांच्या मते त्यापेक्षा पोरीचं लग्न जुळवणं सोपं.

7 मे 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या. 2017 साली विधिमंडळानं कायदा केला, तोही उच्च न्यायालयात अडकला. परवानगी मिळाली ती 16 डिसेंबर 2021 ला. नांगराला ट्रॅक्टर आलाच होता, त्यात मैदानं बंद. मग खोंड पाळायचं कशाला? मामांनी तरी पाळलं. बंदी उगाच आली असं मात्र मी म्हणणार नाही. शेपट्या पिरगाळणं, टोचण्या लावणं लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय. आता काठी-चाबकाला मनाई आहे आणि समालोचक ते घसा फोडून सांगत असतो. सगळेच ऐकतात असं नाही.

वेळ जाईना म्हणून मी मामांना अमेरिकेतल्या डार्लिंग्टनची गोष्ट सांगितली. तिथंही रानच होतं, कापूस-भुईमुगाच्या मुलखातलं. जागामालकाचं मासळीचं तळं वाचवायचं म्हणून मोटारींच्या ट्रॅकची एक बाजू आवळली आणि तो अंड्यासारखा झाला. 1950 साली तिथं 75 गाड्या 500 मैलांसाठी सुटल्या, शर्यत सहा तासांहून जास्त चालली. वेगवानांचे टायर फुटत राहिले आणि पात्रता फेरीत मागं पडलेला जॉनी मँट्झ कठीण टायरांवर जिंकला.

"सहा तास? बैल न्हाय म्हणून चाललं," मामा म्हणाले. मँट्झ मात्र त्यांना पटला. "चाकोरी न सोडणारा गडी दिसतोय."

आमचा गट उन्हं कलल्यावर लागला. बैल धरून ठेवणाऱ्या पोरांच्या टाचा मातीत रुतल्या होत्या. झेंडा पडला. शेजारची जोडी पुढं निघाली, ड्रायव्हर छकड्यावर जवळजवळ आडवा. पण निम्म्यात ती तास सोडून बाहेर गेली. आमची सरळ राहिली. धुळीत मला काहीच दिसलं नाही. भोंग्यावर आमचा तास क्रमांक पुकारला आणि मामांनी फेटा उडवला.

सेमीला आम्ही तिसरे. निकाल रेषेवरचं चित्रण दोनदा बघूनही मामांना ते मान्य नव्हतं. परतताना, सुटताना कुणाचा बैल बिचकला यावरून दोघा मालकांत अशी जुंपली की पिकअपवाल्यानं महूदला गाडी बाजूला घेऊन सगळ्यांना चहा सांगितला.