पिवळा दिवा

दोष दुसऱ्याचा आहे असें एकदां मनानें घेतलें म्हणजे तो शोधण्याचें काम किती सोपें होतें, याचा अनुभव आम्हांस आमच्या सर्व्हरच्या खोलींत आला. दिवाळीच्या सुटीनंतर चारच दिवसांनीं त्या यंत्राच्या दर्शनी भागावर पिवळा दिवा लागला. काम मात्र बिनबोभाट चाललें होतें. लॉग उघडून पाहिला, तों मेमरीच्या तिसऱ्या खोबणींत एकेका बिटाच्या चुका होत असून त्या जागच्या जागीं दुरुस्तही होत आहेत, अशा नोंदी पानोपानीं आढळल्या.

चूक आपली आपण सुधारणारी अशी योजना रिचर्ड हॅमिंग यांनीं १९५० सालीं प्रसिद्ध केली. आमच्या सर्व्हरांत ६४ बिटांमागें ८ बिटें केवळ पहारा करतात. एक बिट चुकलें तर तें सुधारतात, दोन एकदम चुकलीं तर ओरड करून यंत्र थांबवितात. पहारेकरी चोख असला म्हणजे घरधनी निर्धास्त झोंपतो. आम्हीही नोंदी पुसल्या, दिवा विझला, आणि दोष गेला असें मानलें. दुसऱ्या दिवशीं दिवा पुन्हां हजर!

त्या खोबणींतील पट्टी सुटीच्या आदल्या आठवड्यांत आमच्या एका तरुण सहकाऱ्यानें बसविली होती. 'घाईनें बसविलीत, दुसरें काय!' असें आम्ही चारचौघांत बोलून गेलों. तो कांहीं बोलला नाहीं. संध्याकाळीं एवढेंच म्हणाला, 'सर, पट्ट्यांची अदलाबदल करून पाहूं या का?'

युक्ति साधी आहे. तिसऱ्या खोबणींतील पट्टी पांचव्या खोबणींत घालावी, पांचवींतील तिसरींत. चूक पट्टीबरोबर गेली तर पट्टी सदोष. मागें राहिली तर दोष जागेचा. यंत्र बंद करून, मनगटास स्थिर विजेचा निचरा करणारा पट्टा बांधून त्यानें तसें केलें. चूक तिसऱ्या खोबणींतच राहिली.

मग उरला प्रोसेसर. कारण मेमरीच्या वाटा अखेर त्यालाच येऊन मिळतात. तो उचलून पाहतों, तों खालच्या सोनेरी ठिपक्यांवर राखाडी लेपाचा बारीक फराटा! उष्णता वाहून नेणारा तो लेप सुटींत नवा लावलेला होता, आणि तो लावला होता आम्हींच, स्वहस्तें.

सहकाऱ्यानें एक अक्षर न बोलतां आयसोप्रोपिल अल्कोहोलनें ते ठिपके पुसले. रात्रभर मेमरीची परीक्षा चालली. एकही चूक निघाली नाहीं. तेव्हां आम्ही लॉग पुसला, आणि या वेळीं त्या पुसण्यास कांहीं अर्थ होता.

परंतु चारचौघांत बोललेला शब्द कोणत्याही लॉगमधून पुसतां येत नाहीं. तो चारचौघांतच परत घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं आम्ही तो घेतला. सहकारी ओशाळून हसला आणि म्हणाला, 'जाऊं द्या, सर. पण यापुढें लेप मी लावीन.'