उजवीकडून सुरू होणारं पान

मी मराठी डावीकडून शिकवते आणि उर्दू उजवीकडून. त्यामुळे कोणतंही ॲप उघडलं की आधी एवढंच बघते: उर्दू निवडल्यावर नुसती अक्षरं बदलतात, की पानही वळतं?

पडद्यावर बटण कुठे, रकाना कुठे, हे लिहिण्याच्या भाषा अनेक आहेत. त्यांना माझी हीच कसोटी. एचटीएमएलमध्ये १९९७ च्या चौथ्या आवृत्तीपासून 'डीआयआर' हा गुणधर्म आहे. तो वरच्या टॅगला लावला की आतला मजकूर आणि तक्ते उजवीकडून लागतात. पण सोबतच्या सीएसएसमध्ये कुणी 'लेफ्ट' लिहिलं असेल, तर तेवढा भाग जागचा हलत नाही. मायक्रोसॉफ्टच्या झॅमलमध्ये खिडकीला 'फ्लोडिरेक्शन' एकदा सांगितलं की ते आतल्या बटणांपर्यंत झिरपतं. क्यूटीच्या क्यूएमएलमध्ये मांडणी आरशासारखी उलटते, मात्र आतल्या घटकांनीही उलटावं हे वेगळं लिहावं लागतं.

मला पटलेली वाट अँड्रॉइडच्या एक्सएमएलची. २०१२ मध्ये ४.२ आवृत्तीत तिथे 'लेफ्ट-राइट'च्या जोडीला 'स्टार्ट-एंड' आले. मराठीची सुरुवात डावीकडे, उर्दूची उजवीकडे. फाइल मात्र दोघींची एकच.

तरी सगळंच उलटवून चालत नाही. उर्दू ओळीतही आकडे डावीकडूनच वाचतात. फोन नंबर उलटला, तर फोन लागेल दुसऱ्यालाच.

म्हणून ॲप बनवणाऱ्या मुलांना माझं एकच सांगणं: 'लेफ्ट' लिहिण्याआधी, तिथे 'सुरुवात' म्हणायचंय का, ते बघा.